तेरावी पट्टी

कूलरमधलं पाणी संपत आलं की त्याचा आवाज बदलतो. ओला आवाज कोरडा होत जातो. उठून दोन बादल्या ओतायला हव्यात हे मला कळतंय, पण अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी अडीच वाजता कळणं वेगळं आणि उठणं वेगळं. मी पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आडवी झालेय. पोटावर कापडी कॅलेंडर पसरलंय. उसवायला घेतलेलं अर्धं ब्लेड कागदात गुंडाळून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलंय, तेवढी शुद्ध अजून आहे. डोळे मिटतायत.

कापडी कॅलेंडर म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई काय बरळतेय. भिंतीवर कागदाचं कॅलेंडर असतं ना, दूध, गॅस आणि भांडीवालीचे खाडे लिहायचं, ते अडकवायला आम्ही एक कापडी पाठ शिवलीय. पडद्याच्या जाड केसमेंट कापडाची. वर काठी ओवायला नळी, खाली औषधांच्या चिठ्ठ्यांसाठी कप्पा. काठी आणि कॅलेंडर यांच्यामध्ये वीतभर जागा सोडलीय आणि तिथे चार टिचबटणं आहेत. त्या बटणांवर महिन्याची भरलेली पट्टी लावायची. अमावस्या झाली की जुनी काढायची, दुसऱ्या दिवशी नवी. चैत्राला कैरी, वैशाखाला माठ, फाल्गुनाला पळस, अशा बारा पट्ट्या. शिवणारी मी आणि भरणाऱ्या मालूताई.

मालूताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भरतकाम शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर रोज सकाळी माझ्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसायला लागल्या. मी लोकांचे ब्लाउज शिवायची, त्या पट्टी भरता भरता माझ्याकडे कान लावून असायच्या. कान, हो. नुसत्या मशीनच्या आवाजावरून टीप वाकडी गेलेली त्यांना कळायची. मग एकच शब्द यायचा, "उसव." बाई गं, तो शब्द! लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात ऐकला, माझी प्राची पोटात होती तेव्हा ऐकला, प्राचीच्या लग्नाचे ब्लाउज शिवताना ऐकला.

कान लावायच्या, कारण डोळे गेले होते. दोन्हींत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की बाईंना एकदम वरण उतू गेल्याची आठवण यायची. टाका बरोबर पडायचा, बोटांना इतक्या वर्षांची सवय. पण सुईचं नेढं काही दिसायचं नाही. म्हणून सकाळचा चहा झाला की मी बारा सुया ओवून उशीत खोचून ठेवायची. दिवसभराला पुरायच्या. "कुंदा, जरा सुई ओवून दे गं," हे आमच्या घरातलं सकाळचं पहिलं वाक्य होतं.

त्यांना जाऊन तीन वर्षं होत आली.

"कुंदा, जरा सुई ओवून दे गं."

कूलर थांबलाय. वाळ्याचा वास मात्र येतोय, आणि त्यात खोबरेल तेलाचा. मी मान वळवते. मालूताई माझ्या मशीनवर बसल्यात. जिवंतपणी त्या मशीनला कधी हात लावायच्या नाहीत, हे यंत्र माझं ऐकत नाही म्हणायच्या. आता पाय पायट्यावर आहेत, चाक उलटं फिरतंय आणि आवाज अजिबात नाही. अंगावर फिकट पिवळं लुगडं... छे, लुगडं कुठलं, तीच नेहमीची पिवळी वायल. पदर खांद्यावर पिनेने टाचलेला.

"ताई? तुम्ही?"

"मग कोण? ओव."

"अहो पण तुम्ही तर..."

"गेले. ठाऊक आहे मला. मी तिथेच होते." त्या सुई पुढे करतात. "मेल्यावर मोतीबिंदू उतरतो असं कुणी सांगितलं तुला?"

मला हसू येतं. मी सुई घेते. दुसऱ्या हातात त्या दोरा देतात, निळा, लडीतला. मी नेहमीसारखी सुई डोळ्यासमोर धरते, आणि बघते तर तिला नेढंच नाही. वरून खालपर्यंत सगळी सुईच.

"ताई, ही कसली सुई?"

"तुझ्याच घरातली आहे."

उजेडात नीट बघावं म्हणून मी खिडकीकडे वळते, तर खिडकीच्या जागी फळा आहे. काळा, खडूची धूळ धरलेला, आणि त्यावर कॅलेंडरसारखे चौकोन आखलेत. मी शेवटच्या बाकावर बसलेय, साडी नेसून, गुडघे बाकाखाली मावत नाहीत. पुढे ओळीने मुली, प्रत्येकीच्या दोन घट्ट वेण्या, सगळ्या पाठमोऱ्या आणि माना खाली घालून. मालूताईंची शाळा. मी त्या शाळेत कधी पाऊल टाकलं नव्हतं, तरी मला ठाऊक आहे की डावीकडच्या कपाटाचं दार लागत नाही.

मालूताई फळ्यावर लाकडी पट्टी आपटतात. "हा महिना कोणता?"

"वैशाख," मुली एका सुरात म्हणतात.

"संपला. पुढचा?"

मुली माना आणखी खाली घालतात. मालूताई थेट माझ्याकडे बघतात. "कुंदा, तू सांग."

"ज्येष्ठ," मी म्हणते. माझा आवाज चोरट्यासारखा येतो, कारण मला पक्कं माहीत आहे. उद्या ज्येष्ठ लागत नाही. उद्या अधिक लागतो.

"उसव," मालूताई म्हणतात.

मुली सगळ्या एकदम मागे वळतात. त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत. हात आठवतात. प्रत्येकीने एकेक सुई माझ्यापुढे धरलीय, आणि एकीतही दोरा नाही.

मी डोळे घट्ट मिटून घेते. उघडते तेव्हा ती सकाळ आहे.

ही सकाळ मी ओळखते हो. तीन वर्षांत एकदाही विसरलेली नाही. अधिक श्रावणाचा पहिला दिवस आहे. अधिकात लेकी आईची ओटी भरतात, साडी देतात, म्हणून गावातल्या निम्म्या आयांचे ब्लाउज माझ्या मशीनवर येऊन पडलेत. दिवाणावर ब्लाउज, खुर्चीवर ब्लाउज, फ्रिजवरसुद्धा. बारा सुया मी पहाटेच ओवून ठेवल्यात. मी बॉबिन भरतेय, आणि मालूताई रिकाम्या टिचबटणांसमोर उभ्या राहून विचारतायत.

"कुंदा, आता कोणती पट्टी लावायची?"

"श्रावणाची लावा की."

"श्रावण अजून लागला नाही. हा अधिक आहे."

"मग आषाढाची राहू द्या."

"आषाढ काल संपला. याला वेगळी पट्टी पाहिजे. तेरावी."

"तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या महिन्यासाठी वेगळी पट्टी?"

"येतो ना पण. येतो तेव्हा महिनाभर राहतो."

इथे थांब कुंदे, मी माझ्या पाठीला सांगते. मला माझीच पाठ दिसतेय, मशीनवर वाकलेली, घामाने ब्लाउज चिकटलेला. इथे तोंड आवर. वाटल्यास हो म्हण, पट्टी कापून दे, दोन मिनिटांचं काम आहे. पण ती पाठ कुठली ऐकते. माझं तोंड आधीपासूनच तिखट, आई म्हणायची हिच्या जिभेला हाड नाही, आणि त्या दिवशी तर डोक्यावर सतरा ब्लाउज होते.

"ताई, तुम्हीच या घरातला अधिक महिना आहात," माझी पाठ म्हणते. "कुणी बोलावलेला नाही, आणि घालवताही येत नाही. सारखं आपलं मध्ये मध्ये!"

मशीन थांबतं. कूलर थांबतो. मालूताई काही म्हणत नाहीत. त्या दिवशीही म्हणाल्या नव्हत्या. खुर्ची उचलून आपल्या खोलीत गेल्या होत्या, सुयांची उशी घेऊन.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी आज माणसात असते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा आल्या. दारात उभ्या राहून एक सुई आणि दोरा पुढे केला. म्हणजे रुसवा त्यांनीच सोडला होता, मोठ्या असून. आणि मी काय केलं? मी पायटा जोरात मारला. मशीन असं खडखडवलं की जसं काही मला दिसलंच नाही. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या सुया ओवल्या नाहीत. एकोणीस दिवस. रोज म्हणायची, एकदा मागू दे, लगेच ओवते. त्यांनी पुन्हा मागितलं नाही.

चारचा चहा आम्ही दोघी एकत्र घ्यायचो, सहाच्या सेटमधल्या उरलेल्या दोन निळ्या कपांत. माझ्या कपाच्या काठाचा टवका उडालेला, त्यांच्या कपाचा कान चिकटवलेला. त्या एकोणीस दिवसांत मी त्यांचा कप खिडकीत ठेवून द्यायची आणि माझा मशीनवर घेऊन बसायची. विसाव्या दिवशी कप ठेवला, अर्ध्या तासाने बघते तर तसाच. त्या याच दिवाणावर कुशीवर निजल्या होत्या. मी चिडून म्हटलं, "ताई, चहा निवतोय!" तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला.

आता पायाखाली चटके बसतायत. मी गच्चीवर आहे. उन्हात कुरडया वाळत घातल्यात, पांढऱ्या कापडावर, आणि ते कापड गच्चीच्या कठड्याशी संपत नाही. पुढे जातं, शेजारच्यांच्या पत्र्यांवरून, पाण्याच्या टाकीवरून, जिथवर नजर जाते तिथवर केसमेंट पसरलंय. मालूताई त्यावरून चालतायत. कापडाला सुरकुती पडत नाही.

"ताई, थांबा. अहो थांबा ना!"

त्या थांबतात. तीन वर्षं जे विचारायचं होतं ते मी विचारते. "तुम्ही माझ्यावर रागावून गेलात का?"

"बारा होत्या," त्या म्हणतात.

"काय बारा?"

"सुया. त्या सकाळी तू ओवलेल्या. भांडायच्या आधी." त्या बोटांवर मोजल्यासारखं करतात. "मी पुरवल्या. रोज थोडं थोडं. एकोणीस दिवस चालवल्या."

मला ती उशी आठवते. त्या गेल्यावर त्यांच्या उशाशी सापडली होती. बारा सुया, बाराही रिकाम्या, शिस्तीत खोचलेल्या. मी ती पाहिली आणि डब्यात टाकून दिली होती. विचार केला नव्हता. केला असेल तर अर्ध्यात सोडला असेल.

"दुसऱ्या कुणाकडून ओवून घ्यायच्या होत्यात!" मला एकदम संताप येतो, त्यांचा की माझा ते कळत नाही. "ह्यांना सांगायचं. शेजारी देवकी होती, तिला हाक मारायची. सुई ओवायला काय ब्रह्मदेव लागतो?"

"इतकी वर्षं कुणी ओवली?"

"मी."

"मग?"

"मग काय मग! हट्टी आहात तुम्ही. मेलात तरी हट्ट सुटला नाही!" मी रडतेय, आणि ऊन इतकं आहे की पाणी गालावर यायच्या आत वाळतंय. "मला बोलायचं होतं, चार शिव्या घालायच्या होत्या. तुम्ही मुकाट्याने राहिलात. मला माफी मागायलासुद्धा जागा ठेवली नाहीत!"

मालूताई हसतात. त्यांचं हसू मी विसरले होते, वरचा एक दात जरासा पुढे. त्या खाली वाकतात आणि माझ्या पायाजवळ कापडावर बोट ठेवतात. तिथे एक टीप आहे. लांब लांब टाक्यांची, घाईत मारलेली, वाकडी. माझीच.

"इथे," त्या म्हणतात. "उसव."

"काय आहे तिथे?"

"आधी ओव."

माझ्या हातात अजून ती सुई आहे. मी उन्हाकडे धरते. वरच्या टोकाला एक बारीकसा उजेड दिसतो, खसखशीएवढा. नेढं. मी दोऱ्याचं टोक तोंडात घालते, ओठांत दाबून ओलं करते, जिभेने त्याची टोकदार वळी करते. एकदा चुकते, दुसऱ्यांदा चुकते. तिसऱ्यांदा दोरा आत जातो आणि पलीकडून निघतो.

"झाली," मी सुई पुढे करते. "घ्या."

त्या हात पुढे करत नाहीत. "राहू दे तुझ्याकडे. माझा राहिलाय."

"तुमचा काय राहिलाय?"

त्या दूर निघाल्यात, कापडावरून, पाठमोऱ्या, पिवळा पदर उन्हात दिसेनासा होतोय. मी मागे धावायला बघते तर पाय कापडात शिवलेले.

"चहा निवतोय, कुंदा," त्या म्हणतात.

कूलर खडखडतोय. पाणी कधीच संपलंय, खोलीत गरम वारा फिरतोय आणि माझं तोंड कडू झालंय. साडेतीन वाजलेत. मी दिवाणावर उठून बसते आणि दोन मिनिटं नुसती भिंतीवरचा खिळा बघते. कॅलेंडर मी काढलंय म्हणून तिथे एक पांढरा चौकोन आहे, बाकी भिंत मळलेली.

मग मी कापडी पाठ उलटी करते. खालच्या कप्प्याचं अस्तर मीच लावलंय. मालूताईंचे दिवस झाले त्यानंतर घर आवरताना कप्पा लोंबायला लागला होता, म्हणून त्याला कडकपणा यावा एवढ्यासाठी ताईंच्या टोपलीतली एक चिंधी तशीच घडीची घडी आत घातली आणि वरून टीप मारली. उलटी बाजू वर होती, नुसत्या गाठी आणि दोऱ्यांची टोकं दिसत होती. उलगडून बघायचं धाडस नव्हतं, खरं सांगायचं तर त्यांच्या कुठल्याच वस्तूकडे नीट बघत नव्हते तेव्हा. टीप मारताना मशीनची सुई कटकन मोडली होती. मी स्वतःवर चरफडले, सुई बदलली आणि पुढे शिवत गेले. आणि तेव्हापासून दर महिन्याला पट्टी बदलताना कप्प्याशी हात गेला की बोटाला काहीतरी टोचायचं. मी म्हणायची, मोडक्या सुईचा तुकडा राहिला असेल. आज उसवायला घेतलं ते त्यासाठीच. उद्या अधिक लागतो, प्राची आणि जावई यायचेत, कुणाच्या बोटात जायला नको.

टीप मी कट्ट्यावरचं ब्लेड घेऊन उसवते. लांब लांब टाके, वाकडे. तीच टीप.

घडी बाहेर निघते. वीतभर रुंदीची पट्टी आहे, चारी कोपऱ्यांना टिचबटणाच्या जागा पेन्सिलीने दाखवलेल्या. मी ती गुडघ्यावर उलगडते.

एका ओळीत दोन कप आहेत. डावीकडचा निळ्या दोऱ्याने भरलेला. इतका बारीक टाका की वाटावं कापडालाच तसा रंग आहे. काठाशी एका जागी निळं सोडून पांढरं ठेवलंय, तिरकं, नखाएवढं. टवका. माझा कप आहे तो. वर वाफेच्या दोन रेघासुद्धा आहेत. उजवीकडचा नुसता पेन्सिलीचा. कानावर दोन बारीक आडव्या रेघा, चिकटवल्याच्या खुणा. खाली पेन्सिलीनेच अक्षरं: अधिक.

बारा सुयांत माझा कप झाला होता. स्वतःचा त्यांनी नंतरसाठी ठेवला होता. मी ओवून देईन तेव्हासाठी.

रडले ते सांगायला नको. आतून ह्यांची हाक आली, "कुंदा, चहा टाकतेस का?" मी म्हटलं थांबा जरा. माझा आवाज ऐकून त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पेन्सिलीच्या कपाच्या कानाजवळ एक सुई खोचलेली आहे. तेरावी. तीन वर्षं अस्तराच्या आत ओल धरून ती गंजलीय, पूर्ण तांबडी झालीय, कापडावर गंजाचा डागही पडलाय. तिच्यात निळा दोरा आहे. हातभर. मी तो बोटावर घेऊन उजेडात बघितला. स्वच्छ आहे, नेढ्याच्या आतसुद्धा गंज लागलेला नाही, जसा काही आत्ताच घातलाय. घरात निळी लडी शिल्लक नाही. ताईंच्या सगळ्या लड्या मी त्यांच्या शाळेत पाठवून दिल्यात, तीन वर्षं झाली.

आणि दोऱ्याचं टोक ओलं आहे. ओठांत दाबून जसं होतं तसं, वळून टोकदार झालेलं. घामाचं असेल म्हणून मी दुसरं टोक चाचपलं. कोरडं होतं. माझी बोटंही कोरडी होती. मी ते टोक पुन्हा धरलं तेव्हा ते माझ्या बोटावर गारसं चिकटलं.

मला भरतकाम येत नाही. मी मशीनची बाई. इतक्या वर्षांत ताईंनी शिकवायचा शंभरदा प्रयत्न केला आणि मी शंभरदा म्हटलं, मला वेळ नाही. तरी मी चष्मा लावला. सुई गंजलीय म्हणून डोक्यावरच्या केसांतून दोनदा फिरवली, त्या करायच्या तशी. दोऱ्याला गाठ मारली. पेन्सिलीच्या रेघेवर, कपाच्या तळाशी, खालून सुई वर काढली आणि पहिला टाका घातला.

वाकडा आला. माझा वाकडाच येणार. मी तशीच थांबले, सुई धरून, पाठ ताठ करून. मागे मशीनसमोर त्यांची खुर्ची आहे. आता येईल तो शब्द.

कूलर खडखडत होता. दोरा अजून ओला होता.

कुणी काही म्हणालं नाही. मग मी दुसरा टाका घातला.